आपलं फोटोचं ॲप मोठ्या कंपनीने विकत घेतलं तर नेमकं काय करायचं

सगळ्यात आधी एकच सांगते, ॲप विकलं गेल्याची बातमी आली की लगेच अकाउंट डिलीट करू नका. बरेच जण रागाच्या भरात तेच करतात आणि दोन महिन्यांनी विचारत फिरतात की माझे जुने फोटो कुठून परत मिळतील का, तर नाही मिळत. आणि दुसरे काही जण म्हणतात आपण काय मोठे सेलिब्रिटी आहोत का, आपल्याला काय फरक पडतो, आणि काहीच करत नाहीत. या दोन्हीच्या मधलं जे आहे ते करायला एक रविवारची दुपार पुरते, फक्त कुठली गोष्ट कधी करायची ते कळायला हवं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

उदाहरण म्हणून फेसबुक-इन्स्टाग्रामच घेऊ, कारण त्यात पुढे काय काय झालं ते आता आपल्यासमोर पूर्ण आहे. 9 एप्रिल 2012 ला झुकरबर्गने जाहीर केलं की फेसबुक इन्स्टाग्राम घेतंय, 1 अब्ज डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने पाच हजार कोटी रुपयांच्या वर. कंपनीत माणसं होती 13. केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर या दोघांनी ऑक्टोबर 2010 मध्ये सुरू केलेलं ॲप, तोपर्यंत 3 कोटीच्या आसपास लोक वापरत होते, आणि अँड्रॉइडवर येऊन तर आठवडाही झाला नव्हता. आपल्याकडे तेव्हा आयफोन अगदी थोड्यांकडे, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी इन्स्टा पहिल्यांदा उघडलं तेच मुळी ते फेसबुकचं झाल्यावर. पण जे आधीपासून होते त्यांच्यात त्या दिवशी नुसता गोंधळ, इन्स्टाने स्वतः फोटो बाहेर काढायची सोय दिलेलीच नव्हती, म्हणून लोक इन्स्टापोर्ट नावाच्या एका बाहेरच्या साइटवर तुटून पडले, ती सगळे फोटो एका झिपमध्ये बांधून द्यायची.

आता गंमत बघा, म्हणजे खरंच नीट बघण्यासारखी गोष्ट आहे ही. ज्या दिवशी लोक घाबरले त्या दिवशी बदललं काहीच नाही. एप्रिलमध्ये फक्त घोषणा झाली. अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे असे सौदे तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, ऑगस्टमध्ये हरकत नाही म्हणून सांगितलं आणि व्यवहार पूर्ण झाल्याचं जाहीर झालं 6 सप्टेंबर 2012 ला. मधल्या काळात फेसबुकचा शेअर बाजारात येऊन चांगलाच आपटला होता, सौद्यात शेअरचा वाटा मोठा, त्यामुळे 1 अब्जाचे शेवटी साधारण 71.5 कोटी डॉलरच राहिले. म्हणजे घोषणेपासून मालकी बदलेपर्यंत जवळपास पाच महिने, आणि त्या पाच महिन्यांत जुनेच नियम चालू. नियम बदलले ते डिसेंबरमध्ये. जाहिराती सुरू झाल्या नोव्हेंबर 2013 मध्ये, त्या पण आधी फक्त अमेरिकेत. फोटो ज्या क्रमाने टाकले त्या क्रमाने दिसायचे ते बंद झालं 2016 मध्ये. सिस्ट्रॉम आणि क्रीगर दोघे सोडून गेले सप्टेंबर 2018 मध्ये. मेसेंजर आणि इन्स्टाचे मेसेज जोडले 2020 मध्ये.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की विक्रीच्या तारखेला घाबरायचं काहीच कारण नाही, पण त्या तारखेपासून पुढे लक्ष ठेवायचं मात्र बंद करायचं नाही. घाई फक्त एकाच बाबतीत, आपल्या फोटोंची कॉपी काढून घ्यायची.

पण त्याच्याही आधी बातमी नीट वाचा

मथळा सगळीकडे सारखाच असतो, अमुक कंपनीने तमुक ॲप घेतलं. आतमध्ये दोन वेगळे प्रकार असू शकतात. एक म्हणजे ॲप चालू ठेवायला घेतलंय, दुसरा म्हणजे माणसं हवी होती म्हणून टीम उचलली आणि ॲप बंद करणार. दुसऱ्या प्रकारात वेळ फार कमी मिळतो.

गोवाला नावाचं एक चेक-इनचं ॲप होतं, आपण कुठे आहोत ते मित्रांना दाखवायचं, त्याची टीम डिसेंबर 2011 मध्ये फेसबुकला गेली आणि मार्च 2012 मध्ये ॲप बंद. आणि इन्स्टाच्या बातमीनंतर जेमतेम महिनाभराने, मे 2012 मध्ये, लाइटबॉक्स नावाच्या लंडनच्या एका फोटो ॲपची टीम फेसबुकमध्ये गेली. अँड्रॉइडवर तेव्हा लोकांना आवडलेलं ॲप होतं ते. नवीन साइन-अप लगेच बंद, आणि जुन्या लोकांना आपले फोटो काढून घ्यायला साधारण महिनाभराची मुदत. एकच खरेदीदार, एकाच उन्हाळ्यात दोन फोटो ॲप, एक आज जगभर आहे आणि दुसऱ्याचं नाव पण कोणाला आठवत नाही.

तर बातमीत शोधायचं काय, तर 'टीम जॉइन होतेय' असं लिहिलंय का, नवीन अकाउंट उघडणं चालू आहे का, आणि ॲपच्या स्वतःच्या ब्लॉगवर किंवा ईमेलमध्ये कुठली शेवटची तारीख दिलीय का. तारीख दिसली की बाकी सगळं सोडा आणि आधी कॉपी काढा. तो ईमेल बहुतेक वेळा प्रमोशन्सच्या टॅबमध्ये नाहीतर स्पॅममध्ये जाऊन पडलेला असतो, तिथे पण बघा.

कॉपी काढायची ती अशी

हा भाग जरा लांब होणार आहे कारण खरं काम इथेच आहे आणि अर्धवट कॉपी काढून लोक निश्चिंत होतात.

आता इन्स्टामध्ये सोय आहे, 2018 पासून. प्रोफाइलवर जायचं, वरच्या तीन रेघा, मग अकाउंट्स सेंटर, त्यात 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स', आणि त्यात डाऊनलोड किंवा एक्सपोर्ट असं काहीतरी लिहिलेलं सापडेल, नाव अधूनमधून बदलतात पण जागा साधारण तीच. तिथे फोनवर घ्यायचं की गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी पाठवायचं ते विचारतात. फोनमध्ये जागा कमी असेल तर सरळ लॅपटॉपवरून करा, रील्स असतील तर फाइल भरपूर मोठी होते.

आता तीन गोष्टी नीट बघायच्या. पहिली, तारखेची रेंज. ती 'ऑल टाइम' केलीय का ते तपासा, नाहीतर फक्त अलीकडचं काहीतरी येईल आणि तुम्ही समजाल की सगळं आलं. दुसरी, मीडिया क्वालिटी, ती 'हाय' करा. तिसरी गोष्ट मराठीत कॅप्शन लिहिणाऱ्यांसाठी फार महत्त्वाची आहे आणि ती कोणी सांगत नाही. फॉरमॅट विचारतात तेव्हा एचटीएमएल आणि जेसन असे दोन पर्याय असतात. एचटीएमएल निवडा. जेसनच्या फाइलमध्ये देवनागरी अक्षरं सरळ दिसत नाहीत, 'गणपती बाप्पा मोरया' लिहिलेलं असेल तर तिथे उलट्या रेघा, यू, शून्य, ए, असलं काहीतरी लांबच्या लांब दिसतं आणि ते परत मराठीत आणायला प्रोग्रॅमिंग येणारं माणूस शोधावं लागतं. एचटीएमएलची फाइल ब्राउझरमध्ये उघडली की कॅप्शन नीट मराठीत वाचता येतं. ज्यांना पुढे दुसऱ्या साइटवर सगळं चढवायचंय त्यांनी दोन्ही घ्या, दोन वेळा रिक्वेस्ट टाका, काही बिघडत नाही.

रिक्वेस्ट टाकली की लगेच फाइल येत नाही. कधी तासाभरात येते कधी दिवस लागतात, ईमेल येतो, आणि ती लिंक थोडेच दिवस चालू असते, त्यामुळे ईमेल आला की त्याच दिवशी उतरवून घ्या. लग्नाला गावाला निघायच्या आदल्या रात्री रिक्वेस्ट टाकू नका.

माझी मामेबहीण इचलकरंजीला नऊवारी शिवून देते, तिचं निम्मंअर्धं गिऱ्हाईक इन्स्टावरून येतं, तिची कॉपी आम्ही दोघींनी बसून काढली तेव्हा झिप उघडल्यावर ती गोंधळलीच, कारण आत नुसते फोल्डरवर फोल्डर. म्हणून सांगते, मीडिया नावाच्या फोल्डरमध्ये फोटो आणि व्हिडिओ असतात, त्यात परत पोस्ट, स्टोरी वगैरे वेगळं, आणि त्याच्या आत महिन्यांप्रमाणे फोल्डर, म्हणजे 202308 असं लिहिलं असेल तर ऑगस्ट 2023. तिला तिच्या एका जुन्या पैठणीच्या नऊवारीचा फोटो हवा होता, दिवाळीचा महिना धरून गेलो आणि लगेच सापडला. फोल्डरमध्ये नाव-गाव काही नाही, नुसते लांबलचक आकडे, पण झिपच्या मुख्य पानावर जाऊन पोस्टची यादी उघडली की फोटो, खाली कॅप्शन, खाली तारीख असं एकत्र दिसतं. झिप पूर्ण एक्स्ट्रॅक्ट करूनच बघा, झिपच्या आतूनच उघडलं तर फोटो दिसत नाहीत आणि लोकांना वाटतं फाइल खराब आली.

या कॉपीत काय येत नाही ते पण माहीत असू द्या. तुम्ही सेव्ह करून ठेवलेल्या दुसऱ्यांच्या पोस्ट येतात त्या नुसत्या लिंक म्हणून, फोटो येत नाही. लोकांनी तुमच्या फोटोखाली केलेल्या कमेंट येतीलच असं धरून चालू नका, गेलेल्या आजोबांच्या फोटोखाली नातेवाइकांनी काही लिहिलंय, पहिल्या ऑर्डरच्या फोटोखाली गिऱ्हाइकाने कौतुक केलंय, असलं जे काही असेल त्याचा स्क्रीनशॉट काढा. फॉलोअर्सची यादी येते पण फक्त युजरनेम, फोन नंबर नाही की ईमेल नाही.

आणि फोटो म्हणाल तर तो मूळ फोटो नसतो. ॲपवर टाकताना तो छोटा होतोच, सुरुवातीच्या काळात तर इन्स्टावर 612 बाय 612 पिक्सेल एवढाच फोटो राहायचा, 2015 नंतर 1080 झाला. त्यामुळे 2012 च्या आसपासचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावायला काढाल तर फुटणार. ज्यांच्याकडे मूळ फोटो जुन्या फोनमध्ये, मेमरी कार्डात पडलेत त्यांनी ते आधी बाहेर काढा, ॲपची कॉपी ही कॅप्शन आणि तारखांसाठी धरा. तारखेवरून आठवलं, ॲपमधून उतरवलेल्या फोटोमध्ये तो कधी काढला ती माहिती बरेचदा निघून गेलेली असते, तो गूगल फोटोजमध्ये टाकला की सगळं एकाच दिवशी काढलंय असं दिसतं. म्हणून महिन्यांचे फोल्डर मोडू नका, आहेत तसेच ठेवा.

कॉपी दोन ठिकाणी ठेवा, एक घरातल्या हार्ड डिस्कवर आणि एक ऑनलाइन. फुकट ऑनलाइन जागेवर सगळं सोडू नका. फ्लिकर या फोटोच्या साइटचं काय झालं ते बघा, 2005 मध्ये याहूने घेतलं, 2007 मध्ये जुन्या लोकांना याहूचा आयडी सक्तीचा केला, मग 2013 मध्ये 1 टेराबाइट फुकट दिलं, लोकांनी आयुष्यभराचे फोटो चढवले, मग 2018 मध्ये स्मगमग नावाच्या दुसऱ्या एका फोटो कंपनीने घेतलं आणि 2019 पासून फुकट अकाउंटला 1000 फोटोंची मर्यादा. पहिल्या खरेदीत जे टिकलं ते दुसऱ्या खरेदीत बदललं. त्यातही स्मगमगने आधी मुदत देऊन सांगितलं होतं ही चांगली गोष्ट, पण ज्यांनी ईमेल बघणंच सोडलं होतं त्यांना काय कळणार.

नियम कसे वाचायचे

टर्म्स कोणी वाचत नाही हे मला माहितीय आणि पूर्ण वाचा असं मी म्हणणार पण नाही. पण ॲप विकलं गेलं की दोन कामं करा. आजच्या टर्म्सचं आणि प्रायव्हसी पॉलिसीचं पान पीडीएफ म्हणून सेव्ह करून ठेवा, ब्राउझरमध्ये प्रिंटला जाऊन 'सेव्ह ॲज पीडीएफ' केलं की झालं. मग नवीन टर्म्स आले की दोन्ही शेजारी उघडून फरक बघा. सेव्ह करायचं राहून गेलं असेल तर वेबॅक मशीन नावाच्या, जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवर त्या पानाचा पत्ता टाकून जुनी आवृत्ती शोधता येते, मोठ्या ॲपच्या बाबतीत ती बहुतेक मिळतेच.

नवीन पान उघडलं की सर्चमध्ये काही इंग्रजी शब्द टाकून बघायचे: ॲफिलिएट्स (त्याच मालकाच्या बाकीच्या कंपन्या), लायसन्स, ट्रान्सफरेबल, ॲडव्हर्टायझिंग, आर्बिट्रेशन (लवाद). एवढ्या पाच ठिकाणांच्या आजूबाजूचं वाचलं तरी बरंच काम होतं.

का ते डिसेंबर 2012 वरून कळेल. 17 डिसेंबरला इन्स्टाने नवीन टर्म्स जाहीर केले, 16 जानेवारी 2013 पासून लागू होणार होते. त्यात एक कलम असं की एखाद्या कंपनीने पैसे देऊन तुमचं नाव, चेहरा, फोटो जाहिरातीच्या संदर्भात दाखवले तर त्याचा मोबदला तुम्हाला मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी जगभर आरडाओरडा, इन्स्टा आपले फोटो विकणार म्हणून. नॅशनल जिऑग्राफिकने त्यांच्या अकाउंटवर नवीन फोटो टाकणं थांबवलं. सिस्ट्रॉमला लिहावं लागलं की फोटो विकायचा आमचा विचार नाही, आणि 20 डिसेंबरला जाहिरातींचं कलम मागे घेऊन ऑक्टोबर 2010 चंच परत ठेवलं. लोक जिंकले असं वाटलं आणि सगळे शांत झाले.

पण मागे घेतलं ते फक्त जाहिरातीचं कलम. इन्स्टाची माहिती फेसबुकबरोबर वाटून घेता येईल हे प्रायव्हसी पॉलिसीत राहिलं, आणि वाद झाला तर कोर्टाऐवजी लवादाकडे जायचं ही अमेरिकेतल्या लोकांसाठीची अट पण राहिली. जे 2010 चं कलम परत आणलं ते सुद्धा काही फार छोटं नव्हतं, तुमच्या फोटोच्या जोडीने जाहिरात लावायची परवानगी त्यात आधीपासून होतीच. मला या सगळ्यातलं हे सर्वात शिकण्यासारखं वाटतं, की ज्या ओळीवर सगळे ओरडतात तिच्या खालच्या दोन ओळी पण वाचायला हव्यात.

लायसन्सबद्दल थोडं, कारण यावर फार गैरसमज आहेत. फोटोचा कॉपीराइट तुमचाच राहतो, ॲप विकलं म्हणून तो नवीन मालकाकडे जात नाही. तुम्ही साइन-अप करताना त्या कंपनीला फोटो वापरायची परवानगी दिलेली असते, आणि ती ट्रान्सफरेबल असं लिहिलेलं असतं, म्हणजे कंपनी विकली की ती परवानगी पण पुढे जाते, तुम्हाला परत विचारायची गरज नाही. तसंच तुमच्या माहितीचं, जवळपास प्रत्येक प्रायव्हसी पॉलिसीत एक ओळ असतेच की कंपनी विकली किंवा दुसरीत विलीन झाली तर युजरची माहिती नवीन मालकाकडे जाऊ शकते. त्यामुळे 'मला न विचारता कसं दिलं' असं म्हणून काही उपयोग होत नाही, विचारून झालेलं असतं, आपण ओके दाबलेलं असतं. फोटो तुम्ही काढून टाकलात की परवानगी साधारणपणे संपते, हे मात्र आपल्या हातात आहे.

आता मालकांनी दिलेली आश्वासनं. ती वाचा, पण शब्दाला शब्द लावून वाचा. एप्रिल 2012 मध्ये झुकरबर्गने सांगितलं होतं की इन्स्टा स्वतंत्रपणे वाढवणार आणि दुसऱ्या नेटवर्कवर फोटो शेअर करायची सोय राहणार. त्याच डिसेंबरात ट्विटरवर इन्स्टाचे फोटो दिसणं बंद झालं, नुसती लिंक दिसायला लागली, आणि ते थेट नोव्हेंबर 2021 मध्ये परत सुरू झालं. शेअर करायची सोय होतीच की, फोटो तिथे दिसेल असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याला ट्विटरशी चाललेली भांडणं पण कारणीभूत होती, जुलैमध्ये ट्विटरनेच इन्स्टावाल्यांची मित्र शोधायची सोय काढून घेतली होती, पण मधल्या मध्ये ज्यांचे वाचक ट्विटरवर होते त्या फोटोग्राफर लोकांचं नुकसान झालंच. तुमचं काम जर अशा एखाद्या जोडणीवर चालत असेल, म्हणजे फोटो इथे टाकला की आपोआप तिथे जातो असं, तर ॲप विकलं गेल्यावर दुसरा रस्ता तयार ठेवा.

सेटिंग

यात फार वेळ घालवायची गरज नाही. आपला लॉगिन आधी बघा. पुष्कळ जण 'फेसबुकने लॉगिन करा' किंवा गूगलने लॉगिन करा हे दाबून मोकळे होतात, तर वेगळा ईमेल आणि पासवर्ड लावून घ्या, टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारायची सोय, चालू करा, आणि ईमेल आत्ता वापरात असलेला आहे ना ते बघा, कॉलेजात असताना काढलेला आयडी असेल तर आजच बदला. मग कॉन्टॅक्ट सिंक बंद करा आणि आधी चढलेले कॉन्टॅक्ट काढून टाका, नवीन मालकाकडे तुमचीच माहिती जाते असं नाही, तुमच्या फोनबुकातल्या डॉक्टरांचे, शाळेतल्या बाईंचे, घरकामाच्या ताईंचे नंबर पण जातात आणि त्यांनी तर कुठे ओके दाबलेलं नसतं. मेटाच्या, म्हणजे फेसबुक कंपनीचंच आताचं नाव, बाबतीत अकाउंट्स सेंटरमध्ये फेसबुक आणि इन्स्टा जोडलेले असतील तर वेगळे करता येतात, आणि 'ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' म्हणून जे आहे त्यात बाहेरच्या साइटवरून तुमच्याबद्दल काय काय आलंय ते दिसतं आणि पुसता येतं. एकदा बघाच ते, आपण कधी कुठल्या दुकानाच्या साइटवर गेलो ते पण तिथे सापडतं.

धंदा असेल तर

ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना हे आधी सांगायला हवं होतं खरं. रांगोळीचे क्लास, घरगुती मसाले, मेंदी, लग्नाचे फोटोग्राफर, गोव्यातले होमस्टेवाले, यांच्यासाठी फोटोंपेक्षा माणसं जास्त महत्त्वाची. फॉलोअर्स तुमचे नसतात, ते त्या ॲपवर तुम्हाला भेटतात एवढंच, आणि पोस्ट त्यांना दाखवायची की नाही ते ॲप ठरवतं. 2016 मध्ये क्रम बदलला तेव्हा हेच झालं. म्हणून जे खरंच ऑर्डर देतात त्यांना विचारून, परत सांगते विचारून, त्यांचा नंबर किंवा ईमेल घ्या, व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट करा, पण तेवढ्यावर थांबू नका कारण व्हॉट्सॲप पण इन्स्टाच्याच मालकाचं आहे. एक साधं स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या, एक पान, त्यावर पत्ता, वेळ, दरपत्रक, दहा चांगले फोटो. वर्षाला हजार-पंधराशेच्या आत काम होतं आणि प्रोफाइलमध्ये ती लिंक टाकली की उद्या ॲपचं काहीही झालं तरी लोकांना तुम्ही सापडता. मामेबहिणीने तर तिच्या पिशव्यांवर आणि साडीच्या बॉक्सवर पण तोच पत्ता छापून घेतला, हे मला फार आवडलं.

29 जून 2020 ला टिकटॉक बंद झालं तेव्हा आपल्याकडच्या खेड्यापाड्यातल्या किती चांगल्या कलाकारांचं सगळं एका रात्रीत गेलं ते आठवा. ती विक्री नव्हती, सरकारी बंदी होती, पण ज्यांच्याकडे व्हिडिओची कॉपी होती ते दुसरीकडे लवकर उभे राहिले.

या गोष्टी करू नका

व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो, 'मी अमुक कंपनीला माझे फोटो वापरायची परवानगी देत नाही, हा मेसेज आपल्या भिंतीवर चिकटवा, उद्या शेवटची तारीख'. 2012 मध्ये फेसबुकवर फिरला, 2019 मध्ये इन्स्टावर फिरला, अजून येतो. त्याला कायद्याने काडीचाही अर्थ नाही. तुम्ही साइन-अप करताना मान्य केलेले नियम स्वतःच्या पोस्टने बदलत नाहीत. काका-मामांनी टाकला तर रागावू नका, पण त्यांना फोन करून सांगा की याऐवजी कॉन्टॅक्ट सिंक बंद करून देते, त्याने खरंच काहीतरी होईल.

विक्रीच्या बातमीनंतर 'नवीन कंपनीकडे अकाउंट ट्रान्सफर करायला इथे क्लिक करा' असले ईमेल आणि डीएम येतात. अकाउंट आपोआप जातं, तुम्हाला काही करावं लागत नाही, त्यामुळे असली लिंक उघडूच नका. आणि घाईघाईत फोटो काढायला कुठल्याही अनोळखी साइटला पासवर्ड देऊ नका, 2012 ला दुसरा पर्याय नव्हता, आता आहे.

सोडायचंच असेल तर

शांतपणे सोडा. कॉपी काढून, उघडून, खात्री करून घ्या. प्रोफाइलवर महिनाभर एक पोस्ट ठेवा की मी पुढे कुठे भेटेन. मग डिलीट करा. डीॲक्टिव्हेट केलं की अकाउंट नुसतं लपतं, माहिती तिथेच राहते. डिलीटची रिक्वेस्ट टाकली की इन्स्टामध्ये 30 दिवस वाट बघतात, तेवढ्यात लॉगिन केलं तर ती रद्द करता येते, आणि त्यानंतर सगळं पुसायला आणखी वेळ, साधारण 90 दिवसांपर्यंत लागू शकतो. युजरनेम परत मिळेलच असं नाही, तेव्हा धंद्याचं नाव असेल तर अकाउंट रिकामं करून तसंच ठेवलेलं बरं, नाहीतर दुसरंच कोणी त्या नावाने बसायचं.

कोर्ट काहीतरी करेल आणि हे सगळं उलटं फिरेल याची वाट बघत बसू नका. एफटीसीने 2012 मध्ये जी खरेदी जाऊ दिली तिच्यावरच 2020 मध्ये खटला भरला, 2025 मध्ये सुनावणी झाली, सिस्ट्रॉमने पण साक्ष दिली, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये निकाल मेटाच्या बाजूने लागला. व्हॉट्सॲपचं बघा, फेसबुकने 2014 मध्ये घेतलं, ऑगस्ट 2016 मध्ये पॉलिसी बदलून फेसबुकला माहिती द्यायला सुरुवात केली, युरोपने 2017 मध्ये 11 कोटी युरोचा दंड लावला कारण खरेदीच्या वेळी दिलेली माहिती दिशाभूल करणारी होती. आपल्याकडे 2021 च्या पॉलिसीवरून स्पर्धा आयोगाने मेटाला 213.14 कोटींचा दंड केला तो नोव्हेंबर 2024 मध्ये. दंड होतात, व्हायलाच पाहिजेत, पण तोपर्यंत माहिती जायची तिथे गेलेली असते. म्हणून फोनच्या कॅलेंडरमध्ये दर सहा महिन्यांनी एक रिमाइंडर लावा: नवीन कॉपी काढायची, टर्म्सची तारीख बदललीय का बघायची. विक्रीनंतर निदान तीन वर्षं तरी हे चालू ठेवा.

काही अडलं, फाइल येतच नाही, अकाउंट डिलीट होत नाही, तर आपल्याकडे 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक ॲपला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव-पत्ता ॲपच्या साइटवर असतं. 24 तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं बंधन आहे, 2021 च्या नियमांत ती मुदत 15 दिवस होती. नाही दिलं किंवा उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं, वकील लागत नाही. तक्रार करताना रिक्वेस्ट टाकल्याचा स्क्रीनशॉट जोडा, तारीख दिसेल असा.

आणि हे सगळं आई-बाबांच्या फोनवर पण करून द्या. त्यांच्या अकाउंटला लावलेला जीमेल बरेचदा मोबाइलच्या दुकानदाराने फोन घेताना बनवून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड घरात कोणालाच माहीत नसतो, म्हणून तिथे फोटोंच्या आधी जीमेलपासून सुरुवात करा.